स्वेच्छेचे दारिद्र्य

देशाटनाने मनुष्याच्या अंगी शहाणपण येते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तो प्रवास कोणत्या स्थितीत करावा आणि पदरी किती द्रव्य असावे, याविषयी मात्र आपल्याला कोणी काही सांगितलेले नसते. प्रवासवर्णने वाचणाऱ्याला हा प्रश्न फार काळ टाळता येत नाही. पहिल्या वर्गाच्या डब्यातून हिंडणाऱ्या मनुष्याला परका देश दिसतो तो बहुधा हॉटेलच्या खिडकीतून, आणि त्या देशातील माणसे भेटतात ती हमाल, खानसामा व वाटाड्या या तीन रूपांत. म्हणून कित्येक विचारी प्रवाशांना असे वाटत आले की, देश खरोखर कळावयाचा तर त्यातून गरीब होऊन गेले पाहिजे. या म्हणण्यात तथ्य किती आहे, आणि मनात येईल तेव्हा ज्यातून बाहेर पडता येते अशा दारिद्र्याने मनुष्याला नेमके कोणते ज्ञान होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचाराला निमित्त झाले ते एक जुने इंग्रजी पुस्तक. हॅरी फ्रँक नावाच्या अमेरिकन गृहस्थाने लिहिलेले हे पृथ्वीप्रदक्षिणेचे वर्णन न्यूयॉर्क येथे इ. स. १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. माझ्या हाती आलेली प्रत जुन्या पुस्तकांच्या दुकानातली आहे. पुठ्ठा सैल झालेला, पानांच्या कडा तपकिरी पडलेल्या, आणि पूर्वीच्या कोणा वाचकाने समासात ठिकठिकाणी शिसपेन्सिलीने रेघा ओढलेल्या. प्रवासवर्णनाच्या वाचकाची खूण सामान्यतः एखाद्या राजवाड्याच्या किंवा सूर्यास्ताच्या वर्णनाशेजारी सापडावयाची. या वाचकाने रेघ ओढली आहे ती जेथे प्रवाशाला कोणी जेवू घातले, निजावयास जागा दिली, किंवा हातावर चार पैसे ठेवले तेथे. मनुष्य हिशेबी असावा. त्याच्या खुणा ओळीने पाहत गेलो, तेव्हा लेखकाने स्वतःला फारसा न विचारलेला प्रश्न आपोआप पुढे उभा राहिला.

हकीकत थोडक्यात अशी. फ्रँक हा मिशिगन विद्यापीठाचा पदवीधर. विद्यार्थिदशेत एकदा मित्रमंडळीत गोष्टी चालल्या असता, हाती काही हजार डॉलर असते तर जगाची सफर केली असती, असे कोणी म्हणाले. फ्रँकचे म्हणणे पडले की, पैसा, शस्त्र आणि सामानसुमान यांवाचूनही धडधाकट मनुष्याला पृथ्वीला वळसा घालता येईल. वाटेत मिळेल ते काम करावे आणि पुढे चालू लागावे. हे म्हणणे सिद्ध करण्यासाठी तो १९०४ साली निघाला आणि पुढच्या साली घरी परतला. छायाचित्रे घेण्याचा कॅमेरा त्याच्याबरोबर होता व त्या खर्चापुरती रक्कम त्याने निराळी ठेवली होती. बाकी सारा भार दोन हातांवर. गुरे वाहून नेणाऱ्या बोटीवर गुरांची चाकरी करीत तो अटलांटिक महासागर ओलांडून गेला. युरोपातील कित्येक मुलूख त्याने पायी तुडविले. पॅलेस्टाइन व ईजिप्त पाहून, पोर्ट सैद येथे तिकिटावाचून एका बोटीवर चढून तो लंकेस पोहोचला. कोलंबोत काही दिवस सर्कशीत नोकरी केली. तेथून हिंदुस्थानात, मग ब्रह्मदेशात, आणि एका सोबत्यासह अरण्यातून वाट काढीत सयामात. शेवटी जपानमार्गे तो स्वदेशी परतला.

पुस्तक वाचून लेखकाविषयी आदर वाटतो, हे प्रथमच सांगितले पाहिजे. ज्या काळात त्याचे सधन देशबांधव कुक कंपनीची तिकिटे खिशात घालून पिरॅमिड पाहावयास येत होते, त्या काळात हा सुशिक्षित तरुण गोदीत, खलाशांच्या खाणावळींत आणि उघड्या रस्त्यावर राहिला. कष्टाला तो मागे सरला नाही. त्याच्या लिहिण्यात आशियातील माणसांविषयी तुच्छतेचा सूर अनेक ठिकाणी उमटतो व तो आज कानाला टोचतो. परंतु तो दोष त्याच्या काळातील बहुतेक गोऱ्या प्रवाशांचा आहे आणि त्यावर पाने खर्च करण्यात अर्थ नाही. आपला प्रश्न निराळा आहे. पैसा, शस्त्र आणि सामान एवढे त्याने घरी ठेवले, हे खरे. पण एवढे ठेवल्याने मनुष्याने सर्व काही ठेवले असे होते काय?

काही गोष्टी अशा असतात की त्या घरी ठेवू म्हटले तरी ठेवता येत नाहीत. फ्रँकचा वर्ण त्याच्याबरोबर होता. निर्धन गोऱ्या माणसाची स्थिती आशियात काय होती, हे तत्कालीन कायद्यांवरून स्पष्ट दिसते. हिंदुस्थान सरकारने युरोपियन भटक्यांविषयी प्रथम १८६९ साली आणि पुढे १८७४ साली कायदा केला. काम नाही, उपजीविकेचे साधन दिसत नाही, भीक मागत हिंडतो आहे, असा युरोपियन वंशाचा मनुष्य आढळल्यास त्याची सोय सरकारी कार्यगृहात करावी, काम मिळवून देण्याचा प्रयत्न करावा, आणि ते न साधल्यास सरकारी खर्चाने बोटीवर बसवून त्याला देशाबाहेर पाठवावे, अशी त्यात तरतूद होती. या व्यवस्थेत सक्ती होती आणि तिच्यात भूतदयेपेक्षा राजकारण अधिक होते. राज्यकर्त्या जातीचा मनुष्य भीक मागताना प्रजेच्या दृष्टीस पडणे राज्याच्या इभ्रतीला परवडणारे नव्हते. हेतू काही असो, परिणाम असा की गोऱ्या कंगालाच्या पायाखाली एक तळ होता आणि त्या तळाखाली तो सहसा घसरत नसे. कैरोविषयीच्या प्रकरणाला फ्रँकने रिकामटेकड्यांचा स्वर्ग अशा अर्थाचे नाव दिले आहे. तो स्वर्ग त्या शहरातील प्रत्येक रिकामटेकड्यासाठी होता काय, याचे उत्तर वाचकाने स्वतःच द्यावे.

त्याच काळातील दुसरा एक कायदा याच्याशेजारी ठेवून पाहिला म्हणजे अर्थ अधिक उघड होतो. १८७१ साली, म्हणजे युरोपियन भटक्यांच्या पहिल्या कायद्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, याच सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो आरंभी उत्तरेकडील प्रांतांपुरता होता. १९११ साली तो आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू झाला. ज्या जमातींना एका जागी घर नाही, ज्या पिढ्यान्‌पिढ्या फिरून पोट भरतात, त्यांतील कित्येक या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. त्यांच्या नावांची नोंद करावी, पोलिसांकडे हजेरी घ्यावी, परवान्यावाचून ठरल्या हद्दीबाहेर जाऊ देऊ नये, असा निर्बंध. सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारेच्या कुंपणात त्यांच्या वसाहती बसविण्यात आल्या. देश स्वतंत्र झाल्यानंतर, १९५२ साली हा कायदा रद्द झाला. पण पारधी, कैकाडी यांच्या नावाला लागलेला संशय कायद्याबरोबर गेला नाही, हे महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यात आजही पाहावयास मिळते.

एकाच सरकारच्या राज्यात, एकाच रस्त्याने दोन माणसे चालली आहेत. दोघांच्याही जवळ पैसा नाही, दोघांनाही आज रात्री निजावयाचे कोठे हे ठाऊक नाही. एकाच्या भटकण्याचे पुस्तक होते आणि दुसऱ्याच्या भटकण्याचा गुन्हा. हा भेद दोघांच्या दारिद्र्यातील नव्हे, कारण दारिद्र्य या घटकेला दोघांचे सारखेच आहे. तो भेद दारिद्र्याच्या मागे जे उभे आहे त्यातील आहे.

यावरून स्वेच्छेने पत्करलेल्या दारिद्र्याची मर्यादा ध्यानात येते. भूक, थंडी, पायाचे फोड ही शरीराची दुःखे स्वेच्छेने आलेल्यालाही तितकीच सोसावी लागतात. त्यांत खोटे काही नाही. परंतु गरिबाच्या भुकेचा मोठा भाग पोटात नसून मनात असतो. उद्याची भीती, मुलाच्या तोंडाकडे पाहण्याची लाज, सावकाराच्या पावलांचा आवाज, आणि हे केव्हा संपेल याची कोणतीच खात्री नसणे, हे दारिद्र्याचे खरे अंग आहे. स्वेच्छेच्या दरिद्र्याला मुलेबाळे बरोबर न्यावी लागत नाहीत. आपल्या भुकेचा शेवट त्याला ठाऊक असतो; किंबहुना त्या शेवटाचे वर्णन पुढे कोणत्या प्रकरणात येणार याची त्याला अंधुक कल्पनाही असते. हाच उपक्रम एखाद्या स्त्रीने १९०४ साली करावयाचे म्हटले असते, तर पैशावाचून पृथ्वीला वळसा घालता येतो हा सिद्धांत पहिल्या बंदरातच अडला असता.

येथे आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक आक्षेप येईल. आपल्या परंपरेत तर स्वेच्छेचे दारिद्र्य हेच श्रेष्ठ मानले आहे. नशिबाने आलेल्या दारिद्र्याला आपण दैन्य म्हणतो आणि आपखुशीने घेतलेल्याला वैराग्य. राजवाडा सोडून भिक्षापात्र हाती घेणाऱ्या गौतमाच्या दारिद्र्याला, तो परत जाऊ शकत होता म्हणून आपण खोटे म्हणत नाही. मग या अमेरिकन तरुणावरच एवढा कटाक्ष का?

आक्षेप विचार करण्यासारखा आहे, आणि त्याचे उत्तर त्या परंपरेतच आहे. संन्यास घेणारा मनुष्य दीक्षेपूर्वी जिवंतपणी स्वतःचे श्राद्ध करतो. शिखासूत्राचा त्याग करतो, पूर्वाश्रमीचे नाव टाकतो. या विधीचा अर्थ एवढाच की परतीचा मार्ग त्याने आपल्या हाताने जाळला आहे. घरी जाऊन पुन्हा गृहस्थ होणारा संन्यासी समाजाने स्वीकारला नाही, आणि त्याच्या मुलांनाही स्वीकारले नाही. याची शिक्षा आळंदीच्या चार भावंडांनी भोगली, हे महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. ती शिक्षा क्रूर होती यात शंका नाही. पण आपल्या पूर्वजांनी वैराग्याची कसोटी कोठे ठेवली होती, हे तिच्यावरून कळते. मनुष्य काय सोडून गेला यापेक्षा, जे सोडले ते पुन्हा उचलता येईल काय, हा प्रश्न त्यांनी महत्त्वाचा मानला. फ्रँकने वैराग्य सांगितले नव्हते, त्याने प्रयोग सांगितला होता. म्हणून त्याला या कसोटीवर नापास करणे अन्यायाचे होईल. मात्र प्रयोग आणि वैराग्य यांची गल्लत वाचकाने करू नये.

या पुस्तकाशेजारी आपल्या भाषेतील एक प्रवासवर्णन मनात आल्यावाचून राहत नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घराबाहेर पडले ते जग पाहण्यासाठी नव्हे. घरावर कर्ज होते. उत्तरेकडे बायजाबाई शिंद्यांचा मोठा यज्ञ व्हावयाचा असून तेथे दक्षिणा मिळेल, अशी वार्ता आली होती. वाटेत त्यांना बंडाने गाठले. झाशीच्या वेढ्यात ते सापडले, मिळविलेले द्रव्य लुटले गेले, आणि काही वर्षांनी गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते घरी परत आले. ही हकीकत त्यांनी पुढे उतारवयात लिहिली आणि चिंतामणराव वैद्यांनी ती १९०७ साली प्रसिद्ध केली. फ्रँकच्या पुस्तकापूर्वी अवघी तीन वर्षे. दोघेही पायी हिंडले, दोघांनीही लोकांच्या दारात अन्न घेतले. परंतु फ्रँकला घरी रिकाम्या हाताने जाता येत होते. रिकाम्या हाताने परतणे हाच त्याचा विजय होता. गोडसे भटजींना रिकामा हात म्हणजे फेडावयाचे राहिलेले कर्ज.

तथापि येथेही हिशेब पुरा केला पाहिजे. परक्याचा ताळेबंद तपासावा आणि घरचा झाकावा, हे बरे नव्हे. गोडसे भटजींच्या जवळही एक अशी वस्तू होती की जी लुटारूंना नेता आली नाही. ती म्हणजे त्यांचे ब्राह्मण्य. अनोळखी गावात वेदपठण करणाऱ्या ब्राह्मणाला जेवावयास बोलावणारे घर सापडे, पंगतीत पान मिळे, दक्षिणा मिळे. फ्रँकच्या कातडीने त्याच्यासाठी जे केले, त्याच्याशी सदृश असे काही गोडशांच्या जानव्याने त्यांच्यासाठी केले. त्याच रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या महाराला किंवा पारध्याला गावाच्या विहिरीवर पाणी मागण्याची सोय नव्हती. आमच्या आजोबांच्या पिढीत पुण्यात वार लावून आणि माधुकरी मागून शिकलेल्यांच्या कष्टांच्या गोष्टी अनेक घरांत सांगितल्या जातात, आणि ते कष्ट खरेच होते. परंतु ज्या घरांची दारे माधुकरीसाठी उघडत, ती सर्वांसाठी उघडत नव्हती, हा भाग त्या गोष्टींतून बहुधा गळलेला असतो.

मग स्वेच्छेच्या दारिद्र्यापासून काहीच कळत नाही काय? कळते, मात्र जे कळते ते दारिद्र्याविषयीचे नसून दात्याविषयीचे असते. येथे त्या अनामिक वाचकाच्या पेन्सिलीकडे पुन्हा वळावेसे वाटते. त्याने रेघ ओढलेल्या जागा एकत्र वाचल्या, तर प्रवाशाला पोसणारे लोक पुष्कळदा त्याच्याहून फारसे सुखवस्तू नव्हते, असे दिसून येते. हॉटेलात उतरणाऱ्याला हे कधी कळले नसते. पैसे देऊन घेतलेली सेवा आणि न मागता पुढे आलेली भाकरी यांतील अंतर ज्याचा खिसा रिकामा आहे त्यालाच कळते. माणसे परक्याशी कशी वागतात, याचे हे ज्ञान मोलाचे आहे, आणि ते मिळविण्यासाठी फ्रँकने जे सोसले ते व्यर्थ नव्हते.

परंतु ज्ञानाबरोबर ऋणही आले. आपल्याकडे मनुष्य जन्मतःच काही ऋणे घेऊन येतो असे मानले आहे आणि ती फेडण्याचे मार्गही सांगितले आहेत. प्रवाशाचे ऋण त्याहून चमत्कारिक, कारण ज्याचे घेतले तो पुन्हा भेटत नाही. अशा ऋणाची फेड एकाच प्रकारे होऊ शकते. लिहिताना खरा ताळेबंद मांडावा. मी इतके सोडले, इतके मला सोडता आले नाही. इतके श्रमाने मिळविले, आणि इतके मी कोण होतो म्हणून मिळाले.

असा ताळेबंद मांडणारा एक लेखक पुढे झाला. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकाने ब्रह्मदेशातील पोलिसची नोकरी सोडल्यावर पॅरिसमध्ये हॉटेलात भांडी घासली आणि लंडनमध्ये भिकाऱ्यांबरोबर रात्री काढल्या. त्याचे पुस्तक १९३३ साली निघाले. त्याच्याही दारिद्र्यातून बाहेर पडण्याची वाट होती. पण पुस्तकाच्या शेवटी तो स्वच्छ सांगतो की, आपण दारिद्र्याची नुसती किनार पाहिली आहे. या एका कबुलीने त्याच्या आधीच्या सर्व पानांना वजन येते. आपण कोठपर्यंत गेलो हे जो सांगतो, त्याच्या तेथपर्यंतच्या साक्षीवर विश्वास बसतो.

आज फ्रँकसारखा प्रवास करणे कठीण झाले आहे. पहिल्या महायुद्धानंतर सरहद्दी बंदिस्त झाल्या. १९२० साली राष्ट्रसंघाच्या विद्यमाने पॅरिस येथे भरलेल्या परिषदेत पारपत्राचा एकसारखा नमुना ठरला, आणि आता मनुष्य कोठे जाऊ शकतो हे पुष्कळसे त्याच्या पारपत्रावर अवलंबून असते. तरीही आग्नेय आशियातील शहरांत पाश्चात्य तरुण पुढच्या प्रवासासाठी रस्त्यावर बसून पैसे मागताना आढळतात, आणि जे त्यांना पैसे देतात त्यांपैकी कित्येकांना त्या तरुणांच्या देशाचा व्हिसा आयुष्यात मिळणार नाही.

परंतु प्रश्न केवळ पाश्चात्यांचा नाही. आपल्या सुशिक्षित घरांतील मुले परदेशी शिकावयास जातात, तेथे उपाहारगृहांत भांडी घासतात, आठआठजण एका खोलीत राहतात, आणि पुढे स्थिरस्थावर झाल्यावर त्या दिवसांची गोष्ट अभिमानाने सांगतात. तो अभिमान अगदीच अस्थानी नाही; हाताने काम करण्याची लाज गेली ही लहान मिळकत नव्हे. तथापि ती गोष्ट दिवाणखान्यात रंगात आलेली असताना आतल्या मोरीवर जी बाई भांडी घासत असते, तिच्या कामाला पुढचे प्रकरण नसते. दोन्ही ठिकाणी काम तेच, पाणी तितकेच थंड. दोन वर्षांत संपणारे काम केल्यावर न संपणाऱ्या कामाविषयी मनुष्य अधिक नम्र झाला, तर त्याला काही कळले असे म्हणता येईल. आणि मी केले, मग हिला काय कठीण आहे, असे जर तो म्हणू लागला, तर त्याचे ते कष्ट वाया गेले. नव्हे, त्या कष्टांनी त्याला पूर्वीपेक्षा कठोर केले.

हीच या विषयाची खरी कसोटी आहे असे मला वाटते. स्वेच्छेच्या दारिद्र्यात पाप नाही आणि पुण्यही नाही. ते एक साधन आहे. त्यातून मनुष्य दोन निष्कर्ष काढू शकतो. पैशावाचून कोणालाही जगाला वळसा घालता येतो, हा पहिला. आणि पैशावाचून मला वळसा घालता आला, तेव्हा पैशाखेरीज माझ्याजवळ आणखी काय काय होते, हा दुसरा. फ्रँकने आपल्या पुस्तकात पहिला सिद्ध केला. दुसरा त्याने वाचकावर सोपविला, आणि शंभराहून अधिक वर्षांनी, पिवळ्या पडलेल्या पानांतूनही, तो आपल्याला स्वतःविषयी विचारता येतो. जुने प्रवासवर्णन विकत घेऊन वाचण्याचे एवढे एक कारण मला पुरेसे वाटते.